आगाऊ खूण : ब्राउझरांतील आगंतुक पट्ट्यांचा इतिहास

राज्यें बुडालीं, तह झाले, किल्ले पडले, अशा मोठ्या घडामोडींची नोंद इतिहासकार आस्थेनें ठेवितात; परंतु लक्षावधि लोकांच्या नित्याच्या व्यवहारांत वर्षानुवर्षें खुपत राहिलेल्या बारीक उपद्रवांची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. संगणकाच्या पडद्यावर न बोलावितां येऊन बसलेल्या 'टूलबार' नांवाच्या पट्ट्या आणि त्यांच्या पाठोपाठ येणारा जाहिरातींचा सुळसुळाट हा असाच एक उपद्रव होय. २००५ ते २०१५ या दशकांत शहापूर किंवा मुरबाड येथील एस्. टी. स्थानकाजवळच्या एखाद्या संगणकवर्गांत, झेरॉक्सच्या दुकानांत अथवा पुढें निघालेल्या महा ई-सेवा केंद्रांत ज्यांनीं पाऊल टाकिलें असेल, त्यांना तें दृश्य आठवत असेल. ब्राउझर उघडतांच वरच्या अंगाला एकाखालीं एक तीन-चार रंगीबेरंगी पट्ट्या, शोध घेण्याच्या निरनिराळ्या चौकटी, हवामानाचें चिन्ह, हंसणारे पिवळे चेहरे. आणि या सर्वांच्या खालीं जी जागा उरे तिच्यांत, जें पान वाचावयाचें तें पान. ह्या पट्ट्या कोणीं मागविल्या, असें विचारलें म्हणजे बहुधा एकच उत्तर मिळे : "आपोआप आल्या."

'आपोआप' हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकानें सहजासहजीं मान्य करूं नये. ज्या गोष्टी आपोआप घडल्या असें लोक म्हणतात, त्यांच्या मुळाशीं कोणाचा तरी हेतु, कोणाचा तरी लाभ आणि कोणाची तरी संमति असते. प्रस्तुत प्रकरणांतील हेतु व लाभ कोणाचे होते हें दाखविणें फारसें कठीण नाहीं. संमति मात्र कोणाची होती, हा प्रश्न नाजूक आहे, आणि आमच्या मतें या सर्व इतिहासाचें मर्म त्याच प्रश्नांत आहे.

प्रथम ही वस्तु काय होती तें सांगितलें पाहिजे. ब्राउझर म्हणजे आंतरजालावरील पानें उघडून दाखविणारा कार्यक्रम. १९९७ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'इंटरनेट एक्स्प्लोरर'च्या चवथ्या आवृत्तींत अशी सोय केली कीं, बाहेरच्या कोणाही कारागिरानें रचिलेला छोटासा जोड-कार्यक्रम ब्राउझरबरोबर सुरू व्हावा, त्याच्याच पोटांत राहावा, आणि वाचक कोणतें पान उघडतो हें त्याला दिसावें. या सोयीमागील हेतु वाईट नव्हता. डिसेंबर २००० मध्यें गूगलनें काढलेली पट्टी लोकांनीं आपण होऊन घेतली. कारण शोधाची चौकट त्या काळीं ब्राउझरांत आयती नसे, ती या पट्टीनें दिली. २००३ च्या सुमारास तिच्या दुसऱ्या आवृत्तींत, पानावर उसळून येणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या अडविण्याचीही युक्ति आली. म्हणजे जी पट्टी पुढें उपद्रवाचें प्रतीक ठरली, ती आरंभीं उपद्रव निवारण्याचें साधन होती, हें विसरतां कामा नये.

मग अशी फुकट पट्टी वाटण्यांत वाटणाऱ्याचा लाभ कोणता? याचें उत्तर समजण्यास मुरबाडकरांना दूर जावयास नको. वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून गेलें म्हणजे माथ्याजवळ एक मोठा दगडी रांजण दिसतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या वाटेनें जुन्नरकडे जाई, आणि परंपरा असें सांगते कीं, जकातीचें नाणें या रांजणांत पडत असे. शेजारच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. त्यांत यज्ञयागांच्या दक्षिणांचे जे आंकडे कोरले आहेत, ते भारतांतील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत गणले जातात. एवढ्या दक्षिणा देण्याइतकें वैभव ज्या राज्याला लाभलें, त्यानें या वाटेचें मोल पुरतें ओळखलें होतें यांत शंका नाहीं. ज्याच्या ताब्यांत खिंड, त्याच्या ताब्यांत व्यापार.

आंतरजालावरही दोन खिंडी आहेत. ब्राउझर उघडतांच दिसणारें पहिलें पान ही एक, आणि शोधाची चौकट ही दुसरी. जगांतील बहुतेक वाचक यांतूनच पुढें जातात. शोधाच्या उत्तरांबरोबर ज्या जाहिराती दिसतात, त्यांवर कोणी बोट ठेविलें कीं जाहिरातदार पैसे मोजतो, आणि त्यांतील वांटा वाचकाला तेथवर आणणाऱ्यास मिळतो. सबब ज्यानें लक्षावधि संगणकांवरील पहिलें पान व शोधाची चौकट बळकाविली, त्याच्या रांजणांत रात्रंदिवस नाणें पडत राहिलें. जो दुसऱ्याच्या संगणकावर अशी पट्टी पोंचवील, त्याला दर संगणकामागें ठराविक रक्कम देण्याचीही चाल पडली. परंतु नाणेघाटांत आणि येथें एक मोठा भेद होता. तेथील रांजण उघड्यावर होता. तो ओलांडून जाणाऱ्या तांड्याला आपण काय देतों व कोणाला देतों हें ठाऊक असे. पट्टीची जकात देणाऱ्याला आपण जकात देत आहों हेंच ठाऊक नसे.

या धंद्याचे पहिले धडे अमेरिकेंत गिरविले गेले. 'गेटर' नांवाचा एक कार्यक्रम लोकांचे परवलीचे शब्द लक्षांत ठेवी व अर्ज भरून देई. त्याच्याबरोबर येणारी दुसरी आज्ञावली मात्र वाचकाच्या फेरफटक्यावर नजर ठेवून परक्या पानांवर आपल्या जाहिराती झळकावी. आपल्या पानांवर दुसऱ्यानें दुकान मांडावें हें न रुचून वॉशिंग्टन पोस्ट, न्यू यॉर्क टाइम्स आदि पत्रांच्या प्रकाशकांनीं २००२ सालीं त्या कंपनीवर फिर्याद केली. २००३ मध्यें तडजोड झाली, कंपनीनें नांव बदलून 'क्लॅरिया' असें ठेविलें, आणि २००६ मध्यें या धंद्यांतून अंग काढून घेतलें. मुलांना मोहविणारा 'बॉन्झी बडी' नांवाचा जांभळा वानर याच काळांतला. पालकांच्या अनुज्ञेशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल त्याच्या धन्यांना २००४ सालीं ७५,००० डॉलर दंड भरावा लागला. पुढें कॉन्ड्यूइट, बॅबिलॉन, आस्क अशीं नांवें घरोघर झालीं.

ह्या पट्ट्या संगणकांत शिरत कशा? दार फोडून क्वचितच. बहुधा त्या दुसऱ्या एखाद्या उपयुक्त वस्तूच्या पाठुंगळीस बसून येत. चित्रफीत पाहण्याचा, फाइली दाबून लहान करण्याचा किंवा पी. डी. एफ्. बनविण्याचा एखादा फुकट कार्यक्रम उतरवून घ्यावा. त्याच्या इन्स्टॉलरमध्यें तीन-चार पायऱ्या असाव्यात. त्यांपैकीं एका पायरीवर बारीक इंग्रजी अक्षरांत, अमुक पट्टी बसवावी, अमुक पान पहिलें करावें, अशी वाक्यें असावीं. आणि त्यांच्या डाव्या बाजूच्या चौकोनांत होकाराची खूण आधींच केलेली असावी. मराठींत 'आगाऊ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वेळेच्या आधीं केलेला, आणि मर्यादा सोडून पुढें पुढें करणारा. ही खूण दोन्ही अर्थांनीं आगाऊ होती. ती पुसावयाची तर आधीं 'शिफारस केलेली पद्धत' सोडून 'स्वेच्छेची पद्धत' निवडावी लागे, आणि नवशिक्याला तर वर्गांत हेंच शिकविलेलें कीं 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' म्हणजे काम संपलें.

हा उद्योग केवळ भुरट्यांचा होता असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. ओरॅकलसारख्या बलाढ्य कंपनीच्या 'जावा'बरोबर आस्कची पट्टी वर्षानुवर्षें येत राहिली. सीनेटच्या 'डाउनलोड डॉट कॉम' या प्रख्यात भांडारानें २०११ मध्यें लोकांचे कार्यक्रम आपल्या वेष्टनांत गुंडाळून त्यांबरोबर पट्ट्या देण्यास आरंभ केला, तेव्हां 'एन्मॅप' या कार्यक्रमाच्या कर्त्यानें त्याच सालच्या डिसेंबरांत जाहीर निषेध केला. मुक्त आज्ञावलींचें आश्रयस्थान म्हणून नांवाजलेल्या 'सोर्सफोर्ज'नेंही २०१३ मध्यें तोच मार्ग धरिला. २०१६ मध्यें मालक बदलले तेव्हां तो सुटला. ज्या वाण्यावर विश्वास ठेवून ग्राहक न निवडतां धान्य नेतो, त्यानेंच खडे मिसळावे, त्यांतला हा प्रकार.

आतां शहापूर-मुरबाडकडे वळूं. देशांत सर्वसामान्यांसाठीं आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें खुलें केलें, तें मुंबईसारख्या महानगरांत. तानसा-भातसाचें पाणी शहापूर तालुक्यांतून मुंबईस अव्याहत जात होतें. पण मुंबईचें आंतरजाल शहापुरास येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं, आणि ज्या मुरबाडला आगगाडीही पोंचली नव्हती, तेथें तें आणखी सावकाश गेलें. २००१ पासून एम्. एस्.-सी. आय्. टी. या अभ्यासक्रमामुळें लहान गांवींही संगणकवर्ग निघाले. मागाहून शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, दाखल्यांचे अर्ज एकामागून एक पडद्यावर भरावे लागूं लागले. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांवरील मुलांना घरीं संगणक कोठला? त्यांचा जो कांहीं संबंध आला तो बाजारपेठेंतील दुकानाच्या एका यंत्राशीं, आणि त्या यंत्रापुढें बसलेल्या चालकाशीं.

आगंतुक पट्ट्यांना याहून सुपीक जमीन ती कोणती? यंत्र एक आणि हात चाळीस. एकानें 'नेक्स्ट' दाबलें कीं त्याचें फळ उरलेल्या एकोणचाळिसांनीं भोगावें. अर्जाबरोबर द्यावयाचें छायाचित्र ठराविक आकारमानाहून मोठें नको असे. तें लहान करण्यास कार्यक्रम हवा, तो विकत घेण्याची ऐपत नाहीं, म्हणून फुकटाचा शोध, आणि त्या शोधाच्या पहिल्या ओळीला बहुधा जाहिरातच. करारनामा इंग्रजींत, तो वाचण्यास वेळ कोणाला आणि समजणार किती जणांना? परिणामीं यंत्र मंदावे. शेवटच्या तारखेला, वीज जाण्याच्या भयानें घाई करीत, मुलगा अर्ज भरूं पाहतो आहे आणि पडद्यावर एकामागून एक खिडक्या उसळत आहेत, हा देखावा आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. शहरांतल्या घरांत जी केवळ कटकट होती, ती येथें एखाद्याच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीवर बेतूं शके.

उपाय करणारे निघाले नाहींत असें नाहीं. १९९९ मध्यें 'अ‍ॅड-अवेअर', २००० मध्यें 'स्पायबॉट', २०११ मध्यें 'अ‍ॅडब्ल्यूक्लीनर' हे झाडू निघाले. पहिलें पान पळविणाऱ्या 'कूलवेबसर्च' या चिवट उपद्रवावर २००३ च्या सुमारास एका डच विद्यार्थ्यानें उतारा काढला व तो जगाला फुकट दिला. आपल्याकडे पुण्यास कैलास काटकर यांच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानांतून, त्यांचे बंधु संजय यांच्या बुद्धीच्या बळावर, १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' जन्मास आलें, आणि तालुक्याच्या गांवींही त्याच्या पेट्या दिसूं लागल्या. दुकानांतील जाणत्या पोरांची रीत याहून साधी असे. कंट्रोल पॅनेलमधील यादी तारखेप्रमाणें लावावयाची आणि उपद्रव सुरू झाल्याच्या दिवशीं जें जें आलें तें काढावयाचें; मग ब्राउझरमधील एक्स्टेन्शनांची यादी तपासावयाची; पहिलें पान व शोधाची चौकट पूर्ववत् करावयाची; आणि एवढ्यानेंही पट्टीवाल्याचें पान परत आलें, तर ब्राउझरच्या चिन्हाच्या पत्त्याला त्यानें शेंपूट जोडलें आहे कीं काय तें पाहून छाटावयाचें. बाहेर फुकट वाटली गेलेली वस्तु काढण्यासाठीं येथें मात्र गिऱ्हाइकाच्या खिशांतून मजुरी जाई.

या झाडूवाल्यांपुढें एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. विषाणूला विषाणु म्हणण्यास कोणाची हरकत नव्हती. पण पट्टीला उपद्रव म्हणतांच तिचे धनी न्यायालयाची भाषा बोलूं लागत. त्यांचें म्हणणें असें कीं, वाचकानें करार वाचून होकार दिला आहे. आमची वस्तु काढणारे तुम्ही कोण? म्हणूनच 'कदाचित् नको असलेले कार्यक्रम' असें मोठें सावध नांव त्या क्षेत्रांत रूढ झालें. 'झँगो' या कंपनीनें कॅस्परस्कीवर फिर्यादही केली. परंतु २००९ मध्यें अमेरिकेच्या अपील न्यायालयानें कॅस्परस्कीची बाजू उचलून धरिली. त्याच झँगोला २००६ मध्यें तेथील व्यापार आयोगापुढें ३० लक्ष डॉलर, आणि 'डायरेक्टरेव्हेन्यू'ला २००७ मध्यें १५ लक्ष डॉलर भरण्याचें कबूल करावें लागलें होतें. आयोगाचें दूषण मुख्यतः हेंच होतें कीं, योग्य सूचना व खरी संमति न घेतां या वस्तु संगणकांत घातल्या गेल्या आणि काढणें मुद्दाम अवघड केलें गेलें.

धंद्याचा कळस आणि अंत जवळजवळ बरोबरच आले. फेब्रुवारी २०१५ मध्यें उघडकीस आलें कीं, लेनोवो कंपनीनें कित्येक नव्या संगणकांत कारखान्यांतच 'सुपरफिश' नांवाची जाहिरात-आज्ञावली घालून दिली होती, आणि पानांत जाहिराती घुसविण्यासाठीं ती सुरक्षित पानांचें कुलूपही स्वतःच्या किल्लीनें उघडी. येथें तर आगाऊ खुणेचाही देखावा उरला नव्हता. २०१७ मध्यें त्या कंपनीनें आयोगाशीं व ३२ संस्थानांशीं तडजोड करून ३५ लक्ष डॉलर दिले. त्याच वर्षीं जूनमध्यें चेक पॉइंट या संस्थेनें जाहीर केलें कीं, 'फायरबॉल' नांवाच्या पहिलें पान बळकाविणाऱ्या आज्ञावलीनें जगांतील २५ कोटी संगणक ग्रासले असून त्यांतील २ कोटी ५३ लक्ष, म्हणजे कोणत्याही देशापेक्षां अधिक, भारतांत आहेत. मायक्रोसॉफ्टनें तो आंकडा फुगविलेला असल्याचें म्हटलें. संख्येविषयींचा तो वाद आम्ही बाजूला ठेवितों. तोंपर्यंत ब्राउझरवाल्यांनींच दारें लावण्यास आरंभ केला होता. क्रोमनें २०१४ मध्यें विंडोजवर आपल्या दुकानाबाहेरील जोड-कार्यक्रम बंद केले. २०१५ मध्यें आलेल्या 'एज'मध्यें जुन्या पट्ट्यांना जागाच ठेविली नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्यें फायरफॉक्सनेंही जुनी पद्धत मोडीत काढली. आणि १५ जून २०२२ रोजीं इंटरनेट एक्स्प्लोररला निवृत्ति मिळाली. पट्टी अशी संपली.

पट्टी संपली, पण तिनें उभा केलेला प्रश्न संपला नाहीं. सज्ञान मनुष्यानें होकार दिला, मग तक्रार कसली? हा आक्षेप नवा नाहीं. महाराष्ट्रानें तो पूर्वीं ऐकिला आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दप्तरें ओढून काढून कर्जरोख्यांची होळी केली, तेव्हां सावकारांचें म्हणणें तरी दुसरें काय होतें? रोख्यावर अंगठा आहे, साक्षी आहेत, सारें यथाविधि आहे. अंगठा होता खरा. पण अंगठा देणाऱ्याला कागदावर काय आहे तें वाचतां येत नव्हतें, आणि ज्यानें वाचून दाखवावयाचें त्याचाच त्यांत लाभ होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत जे उपाय योजिले, त्यांतील एक असा कीं, शेतकऱ्याचा रोखा सरकारनें नेमिलेल्या ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिला जावा व त्याच्या साक्षीनें पुरा व्हावा. त्या कायद्याचें यशापयश हा स्वतंत्र विषय आहे. त्यामागील तत्त्व मात्र अचूक होतें : न कळलेली संमति ही संमति नव्हे, आणि ती कळविण्याचें काम ज्याचा तींत स्वार्थ आहे त्याजवर सोंपवूं नये.

अलीकडे कायदा पुन्हा त्याच तत्त्वापाशीं येऊन पोंचला आहे. युरोपीय न्यायालयानें १ ऑक्टोबर २०१९ रोजीं निर्णय दिला कीं, आधींच केलेली खूण ही संमति ठरत नाहीं. भारतांत ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत ग्राहकाला चकविणाऱ्या तेरा युक्त्या सांगितल्या असून, न मागितलेली वस्तु खरेदींत सरकवणें व लपविलेली जाहिरात दाखविणें या त्यांतल्याच. त्याच वर्षींच्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानें तर संमति मुक्त, नेमकी, समजून दिलेली व स्पष्ट कृतीनें व्यक्त झालेली हवी असें म्हटलें आहे, आणि संमतीची मागणी इंग्रजींत अथवा आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत वाचण्याची मुभा असावी असेंही सांगितलें आहे. त्या परिशिष्टांत मराठी आहे.

परंतु कायदा दिल्लीस होतो आणि खूण मुरबाडच्या दुकानांत होते. आतां पट्टीची जागा भ्रमणध्वनीवरील 'अलाउ' या शब्दानें घेतली आहे. एकदां त्यावर बोट पडलें कीं दिवसभर सूचनांचा भडिमार सुरू होतो. तसला उपद्रव काढणें अजूनही शक्य आहे : ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें सूचनांची यादी उघडून अनोळखी नांवें बंद करावीं, आणि न ओळखतां येणारें एक्स्टेन्शन ठेवूं नये. मात्र आतां पणास लागलेली वस्तु फार मोठी आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा त्याच पडद्यावर मिळूं लागला. जातीचा दाखला, पीकविमा, पैशांची देवघेव, सारें त्याच खिंडींतून जातें. सवय मात्र जुन्याच काळांतली राहिली आहे : न वाचतां पुढें जावयाचें.

म्हणून आमच्या मतें या इतिहासाचा बोध मुख्यतः यंत्रापुढें बसलेल्या चालकासाठीं आहे. पाड्यावरून आलेल्या बाईच्या वतीनें जो 'मान्य आहे' या चौकोनांत खूण करितो, तो, त्याला कोणी नेमिलें असो वा नसो, आजचा ग्रामनिबंधक होय. खूण करण्यापूर्वीं त्यानें तीं दोन वाक्यें मराठींत मोठ्यानें वाचून दाखवावीं आणि बाईनें 'हो' म्हटल्यावांचून बोट उचलूं नये. यास अर्धें मिनिट लागेल. ज्या घरांत शिकलेलीं मुलें आहेत, तेथें वडीलधाऱ्यांच्या भ्रमणध्वनीपुरतें हें काम त्या मुलांनीं आपल्याकडे घ्यावें.